अक्षयनीवीच्या डोंगराखालची बाग

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतून बाहेर पडून मुंबई-आग्रा महामार्गाला लागले की काही मिनिटांत पांडवलेण्यांचा डोंगर दिसू लागतो. प्राचीन लेखांत त्याचे नाव त्रिरश्मी. याच डोंगराच्या पायथ्याशी महाराष्ट्र वनविकास महामंडळाचे पंडित जवाहरलाल नेहरू वनोद्यान आहे. नाशिककर त्याला सरळ 'बोटॅनिकल गार्डन' म्हणतात. टाटा ट्रस्टच्या साहाय्याने २०१७ च्या सुमारास त्याला नवे रूप मिळाले, आणि अंधार पडल्यावर झाडांवर प्रकाश व ध्वनी खेळवणारा 'कथा अरण्याची' हा कार्यक्रम शहरभर गाजला. पाहुणे आले की त्यांना तिथे न्यायचे, हे तेव्हापासून अनेक घरांत ठरून गेले. मात्र तिथे नेमके काय पाहायचे, हे क्वचितच कोणी ठरवून जाते. तिकीट, पार्किंग, डबा, कार्यक्रमाची वेळ एवढ्यावर बेत संपतो. हे सगळे आधी विचारून घ्यावेच, कारण वेळा आणि शुल्क बदलत असतात. पण वनस्पती उद्यानाची भेट खऱ्या अर्थाने ठरवायची असेल, तर सुरुवात बागेच्या फाटकापासून करू नये. ती डोंगरावरच्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्यापासून करावी. बाग कशावर जगते याचे उत्तर तिथल्या भिंतीवर कोरलेले आहे. ते वाचून मग खाली उतरलेल्या माणसाला तीच झाडे वेगळी दिसतील.

आधी 'बोटॅनिकल' या शब्दाचा निकाल लावू. सावली, हिरवळ आणि बाके असलेली जागा म्हणजे बाग. वनस्पती उद्यानात यांपैकी काहीही नसले तरी चालते. तिथे नोंद मात्र असावीच लागते. जगभरच्या अशा उद्यानांची संघटना जी व्याख्या मानते, तिचा भार 'नोंदी असलेला जिवंत वनस्पतींचा संग्रह' याच कल्पनेवर आहे. संशोधन, संवर्धन, प्रदर्शन, शिक्षण हे उद्देश तिच्यामागून येतात. इटलीतल्या पादुआचे १५४५ चे उद्यान, लंडनचे क्यू, रॉबर्ट किड याने १७८७ मध्ये हुगळीकाठी उभारलेले आजचे हावडा उद्यान, मुंबईची राणीची बाग, पुण्यात गणेशखिंडीला १८७३ मध्ये सुरू झालेली बाग, या साऱ्यांचे उद्देश काळागणिक बदलले. कुठे औषधी हव्या होत्या, कुठे जहाजांसाठी साग, कुठे फळझाडांची कलमे. प्रत्येक झाडामागे कागदाची एक ओळ असणे, ही गोष्ट मात्र सगळीकडे समान राहिली. ही ओळ झाडाहून चिवट निघू शकते. पुण्याजवळ दापोडीला १८२८ मध्ये, गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात, मुंबई इलाख्याचे वनस्पती उद्यान सुरू झाले. अलेक्झांडर गिब्सन याने ते पुढे अनेक वर्षे सांभाळले. १८४७ ते १८५० या काळात एका भारतीय-पोर्तुगीज चित्रकाराकडून तिथल्या वनस्पतींची जवळपास पावणेदोनशे चित्रे काढून घेतली गेली. ते उद्यान १८६० च्या दशकात मोडले. झाडे गेली, वाफे गेले. चित्रे मात्र एडिंबरोच्या उद्यानात सुखरूप आहेत, आणि दापोडीत काय फुलत होते हे त्यांवरून आजही सांगता येते. चित्रकाराचे नाव कोणी लिहून ठेवले नाही, म्हणून ते हरवले. नोंद ठेवली तर काय उरते आणि न ठेवली तर काय जाते, हे दोन्ही इथे एकाच ठिकाणी दिसते.

नावाची गरज मराठी माणसाला पटवायला चाफा पुरेसा आहे. सोनचाफा मॅग्नोलियाच्या कुळातला. देवळापुढचा पांढरा चाफा, जो आपल्याला अगदी घरचा वाटतो, तो मूळचा मध्य अमेरिकेकडचा आणि कण्हेरीच्या कुळातला. हिरवा चाफा सीताफळाचा नातेवाईक. नागचाफा म्हणजे नागकेशर, त्याचे नाते कोकणातल्या उंडीशी. भुईचाफा तर हळदीच्या घरातला. एक शब्द, पाच कुळे. आणि शब्द चुकीचा मुळीच नाही, कारण तो सुगंधाने बांधलेला आहे. फुले माळणाऱ्या माणसाने केलेले हे वर्गीकरण आहे आणि त्याच्या कामाला ते पुरते. पण औषध करणाऱ्याला, कलम बांधणाऱ्याला, बी गोळा करणाऱ्याला ते पुरत नाही. अशोकाचेही तसेच. सोसायट्यांच्या कुंपणालगत सरळसोट वाढणारा तो खोटा अशोक. ज्याची साल वैद्य वापरतात तो सीताअशोक, लालकेशरी गुच्छांचा, शेंगा धरणारा. एकाच्या सालीच्या जागी दुसऱ्याची साल बाजारात विकली जाते ती या नावाच्या गोंधळाच्या आडोशाने. म्हणून वनस्पती उद्यानात झाडाखाली उभे राहून आधी वर फुलाकडे पाहण्यापेक्षा खाली फलकाकडे पाहावे. त्यावर मराठी नाव, शास्त्रीय नाव, कुळ आणि मूळ प्रदेश असेल तर तो फलक पास. दाखल क्रमांक असेल तर उत्तम. ग्रंथालयात पुस्तकाला असतो तसाच हा क्रमांक, त्या एका झाडाचा, दुसऱ्या कोणाचा नव्हे. त्या क्रमांकाने नोंदवही उघडली की रोप कुठून आले, बी कोणत्या डोंगरावरचे, कधी लावले, हे सापडायला हवे.

या साध्या फलकाइतकी हट्टी वस्तू बागेत दुसरी नसेल. झाड उंचीला शेंड्याकडून वाढते, त्यामुळे खोडावर ठोकलेली पाटी वर सरकत नाही. लहानपणी कोरलेले नाव म्हातारपणीही त्याच उंचीवर सापडते ते यामुळेच. पण खोडाचा घेर दरवर्षी वाढतो. घट्ट ठोकलेल्या पाटीच्या कडेवरून साल पुढे येते, खिळ्याचे डोके गिळते, आणि काही वर्षांत पाटी वाकून अर्धी झाडात जाते. तारेने बांधावी तर आणखी वाईट. खोड फुगते, तार तशीच राहते, सालीच्या आतल्या थरात रुतते. पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे नेणारा थर नेमका तोच, त्यामुळे झाडाला फास बसतो. मग उपाय काय? लांब खिळा अर्धवट ठोकायचा, त्यावर पाटीच्या मागे स्प्रिंग बसवायची, खोड वाढेल तशी स्प्रिंग दबत जाते, आणि दबून संपायच्या आत कोणीतरी येऊन खिळा थोडा बाहेर ओढायचा. खिळा ॲल्युमिनियमचा, म्हणजे गंजाचा डाग नाही आणि पुढेमागे करवत त्यावर आली तरी मोडत नाही. इतके करूनही रंगवलेली अक्षरे नाशिकच्या उन्हात उडतात, कोरलेली टिकतात पण महाग पडतात, आणि धातूची पाटी भंगारात विकली जाते हे चोराला चांगले ठाऊक असते. सांगायचा मुद्दा असा की फलक ही एकदा लावून विसरायची वस्तू नाही. झाड जिवंत असेपर्यंत फलकाला माणूस लागतो. बागेत फिरताना एखादी पाटी सालीने अर्धी गिळलेली दिसली, तर त्या माणसाची फेरी किती वर्षांपूर्वी झाली असेल याचा अंदाज खोडच देते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. रविवारी पोरांना घेऊन चार घटका मोकळे व्हायला आलेल्या माणसाला लॅटिन नावे कशाला? अंबडच्या पाळीतून सुटलेल्या कामगाराने कुळे पाठ करायची का? आक्षेप कळकळीचा आहे, पण त्यात त्या माणसाची किंमत कमी धरली आहे. अंबडच्या कारखान्यातल्या कामगाराला नोंद म्हणजे काय हे प्राध्यापकापेक्षा जास्त कळते. सुट्या भागावर बॅच नंबर नसेल तर माल बाद होतो, आणि चार वर्षांनी तक्रार आली तर तो भाग कोणत्या दिवशी, कोणत्या मशीनवर, कोणत्या लोखंडातून निघाला हे काढता आले पाहिजे, हे तिथे रोजचे आहे. निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदाराला तर हे अंगवळणी पडले आहे. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत कीटकनाशकाचा अंश सापडला आणि निर्यातीची घडी विस्कटली. त्यानंतर काही वर्षांत केंद्र सरकारच्या कृषी निर्यात संस्थेने, 'अपेडा'ने, 'ग्रेपनेट' उभारले. आता निर्यातीच्या प्रत्येक बागेला नोंदणी क्रमांक आहे, फवारणीच्या नोंदी आहेत, आणि युरोपातल्या दुकानातल्या खोक्यावरून मागे चालत नाशिकच्या प्लॉटपर्यंत येता येते. वाण कोणता, खुंट डॉगरिजचा की आणखी कुठला, छाटणी कोणत्या तारखेची, हे इथला शेतकरी झोपेतून उठवले तरी सांगेल. अशा जिल्ह्यात झाडाच्या नोंदीत कोणाला रस नाही असे म्हणणे म्हणजे जिल्हाच न ओळखणे. रस आहे. तो बागेकडे वळवण्याची सोय हवी.

दुसरा आक्षेप नवा आहे. फोनचा कॅमेरा पानावर धरला की नाव येते. मग पाटीचा खटाटोप कशाला? फोन जात सांगतो, तीही बहुतेक वेळा बरोबर. पण समोरचे झाड कोण आहे हे तो सांगू शकत नाही. फरक कळायला अंजनेरीकडे पाहावे. नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाताना लागणाऱ्या त्या गडावर कंदीलपुष्पाची एक जात सापडली. २००६ मध्ये तिला सेरोपेजिया अंजनेरिका हे नाव मिळाले. तिचे घर म्हणजे तो डोंगरमाथा, उथळ माती आणि पावसाळ्याचे काही आठवडे. पुढे अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र झाले. पण असे एका जागेवर टेकलेले रोप एका वणव्याने किंवा एका रस्त्याने संपू शकते. म्हणून त्याची दुसरी प्रत कुठेतरी वाढवावी लागते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. श्रीरंग यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंदीलपुष्पांच्या दुर्मीळ जातींसाठी हेच काम केले. तिथल्या वनस्पती उद्यानाला महत्त्व आले ते त्यामुळे. कुंडीत फुललेल्या अशा रोपावर फोन धरला तर कदाचित नाव येईल. ते कोणत्या कड्यावरच्या बियांचे, कोणत्या वर्षीचे, आईरोप अजून जिवंत आहे का, हे येणार नाही. आणि एखाद्या दिवशी ते रोप डोंगरावर परत न्यायचे झाले तर लागणारी माहिती नेमकी हीच. नोंद नसलेले दुर्मीळ रोप शोभेच्या रोपाच्या पंक्तीला बसते.

हा भेद शहराच्या एका मोठ्या वादातही दिसला. २०२५ च्या अखेरीस तपोवनात कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी झाडे तोडण्याचा प्रस्ताव आला आणि नाशिककर रस्त्यावर उतरले. विरोध योग्य होता, मनापासून होता. पण दोन्ही बाजूंची भाषा आकड्यांची होती: किती तोडणार, बदल्यात किती लावणार. आकड्यांच्या हिशेबात एक जुना वड आणि एक गुडघ्याएवढे रोप सारखेच मोजले जाते. शहरात नावानिशी, वयानिशी, मुळानिशी नोंदलेल्या झाडांचा एक तरी संग्रह चालता-बोलता असेल, तर 'झाड' या शब्दाचे वजन बदलते, आणि मग वादही वेगळ्या पातळीवर होतो.

आता भेटीचा बेत. ज्या बागेत एकदाच जायचे असते ती नुसती बाग म्हणून पाहिली जाते. वनस्पती उद्यानात वर्षातून चारदा जावे. माघ-फाल्गुनात गेल्यास पळस, काटेसावर, पांगारा पाने टाकून फुललेले असतात, आणि कोरड्या पानगळीच्या जंगलाची रचना, एरवी पानांमागे झाकलेली, उघडी दिसते. वावळ याच दिवसांत चपट्या पंखांच्या फळांनी हिरवागार होतो. दुरून ती पाने वाटतात. वैशाखात बहावा आणि ताम्हण. ताम्हण राज्याचे फूल, पण त्याखाली उभे राहिलेल्या दहांपैकी कितीजणांना ते ओळखता येईल? पावसाळ्यात कळंब, गवतातल्या बारीकसारीक गोष्टी, कंद. शरद संपता संपता सप्तपर्णी, जिच्या वासाने काहींना भूल पडते आणि काहींचे डोके दुखते. वर्षाला चार फेऱ्या, त्याच त्या दहा झाडांपाशी. मुलांसाठी यापेक्षा सोपा अभ्यास नाही: दहा झाडे निवडायची, प्रत्येकाचे पान, साल, फूल, फळ वेगवेगळ्या महिन्यांत पाहायचे आणि घरी एका वहीत तारखेसह लिहायचे. बागेकडे नोंदवही असो वा नसो, बघणाऱ्याची एक तयार होते. दिवसाउजेडी जावे हे ओघाने आलेच. 'कथा अरण्याची' चालू असेल आणि ती पाहायचीच असेल तर दुपारी पोहोचून आधी बाग चालावी, म्हणजे रात्री प्रकाशात उजळणारे झाड कोणते हे माहीत असेल.

त्या कार्यक्रमावर टीका करणे सोपे आहे आणि ती करू नये. त्याने हजारो माणसे या कुंपणाच्या आत आणली. पण त्याची जात ओळखली पाहिजे. प्रोजेक्टर, दिवे, ध्वनिवर्धक ही यंत्रे उघड्यावर, जंगलाच्या दमट हवेत, नाशिकचा पाऊस आणि उन्हाळा सोसत उभी असतात. त्यांचे आयुष्य वर्षांत मोजायचे, झाडांचे दशकांत. यंत्र पहिल्या दिवशी सर्वांत चांगले असते आणि तिथून उतरत जाते. बाग पहिल्या दिवशी सर्वांत वाईट असते आणि सांभाळली तर चढत जाते. उद्घाटनाचा समारंभ यंत्राला शोभतो, बागेला नाही. बागेला शोभतो तो तिसाव्या वर्षीचा नेहमीसारखा मंगळवार, जेव्हा कोणी मंत्री येत नाही आणि माळी ठिबकची नळी तपासत असतो. आपली सगळी पैशांची व्यवस्था मात्र पहिल्या दिवसाची आहे. देणगी, निधी, मंजुरी, पाटी, फीत. हीच खरी काळजीची बाब आहे, आणि तिचे उत्तर डोंगरावर आहे.

दहाव्या लेण्याच्या ओसरीत भिंतीवर शक क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत, इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतले. त्यांतल्या एकाचा विषय धर्मापेक्षा हिशेबाचा जास्त आहे. वर्ष ४२, महिना वैशाख. लेणे भिक्षुसंघाला दिले, आणि सोबत ३,००० कार्षापणांची 'अक्षयनीवी'. हे पैसे संघाच्या हातात दिले नाहीत. गोवर्धनच्या श्रेणींमध्ये, म्हणजे कारागिरांच्या संघांत, ठेवले: २,००० एका विणकर श्रेणीत, दरमहा शेकडा १ व्याजाने, १,००० दुसऱ्या विणकर श्रेणीत, दरमहा शेकडा पाऊण. अट स्पष्ट आहे: मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याजच भोगायचे. आणि आता गणित. २,००० वर महिन्याला २०, वर्षाला २४०. लेण्यात वर्षावास करणारे भिक्षू २०, प्रत्येकाला चीवरासाठी १२ कार्षापण. वीस गुणिले बारा, २४०. ना एक कमी, ना एक जास्त. दान देणाऱ्याने आधी खर्च ठरवला, मग व्याज, मग त्यावरून मुद्दल. आजच्या प्रकल्प अहवालांत हा क्रम उलटा असतो. त्याच लेखात ८,००० नारळीच्या रोपांच्या दानाचाही उल्लेख आहे. शेवटी हे सारे निगमसभेत ऐकवले आणि रीतीप्रमाणे 'फलकवार' म्हणजे दप्तरात नोंदवले, असे कोरले आहे. झाडावरच्या फलकाचा शब्द दोन हजार वर्षांपूर्वी त्याच डोंगरावर नोंदीच्या अर्थाने आलेला आहे, ही गोष्ट या बागेच्या प्रत्येक कर्मचाऱ्याला माहीत असायला हवी.

मग आज अंबडच्या एखाद्या कंपनीने या बागेसाठी उषवदातासारखी ठेव ठेवावी, असे म्हटले तर? इथे अडचण सुरू होते. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या नफ्याच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के सामाजिक उत्तरदायित्वावर खर्च करणे बंधनकारक केले. पण २२ जानेवारी २०२१ पासून लागू झालेल्या सुधारणेनंतर कोणत्याही संस्थेच्या कायम निधीत घातलेली रक्कम या २ टक्क्यांत धरली जात नाही. 'चालू प्रकल्प' म्हणून लांबवले तरी सुरुवातीचे वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षे. म्हणजे कंपनीला बाग उभारून देता येते, फलक लावून देता येतात, प्रोजेक्टर देता येतो. तिसाव्या वर्षीच्या मंगळवारची सोय मात्र त्या पैशातून करता येत नाही. नियमामागचा विचार चुकीचा नाही. पैसे निधीत घालायचे, निधी बँकेत पडून राहायचा, आणि कागदावर खर्च झाल्याचे दाखवायचे, हा गैरप्रकार रोखायचा होता. पण दारात चोर येतो म्हणून दार भिंतीने बुजवावे तसे झाले. ज्या कामांचे स्वरूपच अखंड सांभाळाचे आहे, म्हणजे वनस्पती उद्याने, संग्रहालये, हस्तलिखितांची भांडारे, त्यांच्यासाठी अपवाद असायला हवा: मुद्दल सरकारी रोख्यांत, व्याजाचा हिशेब दरवर्षी जाहीर, मुद्दलाला हात लागला तर दंड. टाटा ट्रस्टचेच उदाहरण घ्या. टाटा सन्सचे सुमारे दोन तृतीयांश भाग या न्यासांकडे आहेत, त्यांवरचा लाभांश दानात जातो, भाग तसेच राहतात. या बागेला नवे रूप देणारा पैसा ज्या विहिरीतून आला ती स्वतः अक्षयनीवी आहे. विहिरीने पाणी दिले, पण बागेच्या कुंपणात स्वतःची विहीर खणली गेली तरच पुढच्या उन्हाळ्यांची काळजी मिटेल.

महागाई मुद्दल खाऊन टाकते, हा आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर गणितातच आहे: सगळे व्याज खर्चायचे नाही. समजा १ कोटीवर ७ टक्के व्याज मिळाले, तर ७ लाखांतले ३ लाख मुद्दलात परत घालून ४ लाख वापरायचे. ४ लाखांत उद्यान चालत नाही, पण फलक, नोंदवही आणि रोपांची फेरी सांभाळणारा एक माणूस वर्षभर ठेवता येतो, आणि उद्यानाचे उद्यानपण त्या माणसावर टिकते. महामंडळावर हे ओझे आहे असेही नाही. रोपवनाची नोंदवही ठेवणे हे १९७४ पासून सागाच्या लागवडी करणाऱ्या या संस्थेला नवे काम नव्हे. तिथे नोंद हेक्टरची असते, इथे ती एकेका झाडाची करायची. शेवटचा आक्षेप सत्तेचा: सरकारे बदलतात, ठेवी मोडल्या जातात. नहपानही टिकला नाही. गौतमीपुत्र सातकर्णीने त्याला हरवले. पण त्याच दहाव्या लेण्यात, सातवाहनही मावळल्यानंतर, आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षीचा आणखी एक लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी ठेवलेली अक्षयनीवी. या वेळी ठेव स्वीकारणाऱ्या श्रेणींत तेली आहेत, आणि 'ओदयंत्रिक' आहेत, म्हणजे पाण्याची यंत्रे करणारे. दोन राजवटी गेल्या, तरी पद्धत त्याच गोवर्धनात, त्याच लेण्यात, कारागिरांच्या भरवशावर चालू होती. यंत्रे करणाऱ्यांची वस्ती आज त्या डोंगरासमोर महामार्गाला लागून आहे आणि तिचे नाव अंबड आहे.

उषवदाताच्या त्या लेखातला महिना वैशाखाचा, म्हणून वर्षातल्या चार फेऱ्यांपैकी वैशाखातली तरी चुकवू नये. ऊन चढायच्या आत लेणी पाहून खाली यावे. बहावा फुललेला असेल आणि बागेची खरी परीक्षाही तेव्हाच चालू असेल: नव्या रोपांच्या आळ्यांत ओल आहे का, डोंगराच्या बाजूला वणवा आत येऊ नये म्हणून जाळरेषा साफ केली आहे का, यंदाचे पाणी कुठून येते. मग नोंदणीच्या खिडकीवर दोन प्रश्न विचारावेत. झाडांची दाखल नोंदवही कोणाकडे असते, आणि तिच्यात शेवटची ओळ कोणत्या तारखेची आहे?